बिनकॉलरचा शर्ट

आत्यानं कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि मग उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“पाठ कुठाय?”

“काय?”

“शर्टाची पाठ. पुढनं कळला. पाठीमागं काय आहे?”

भाचीनं कागदाकडे पाहिलं, मग आत्याकडे. तीन आठवडे ती या चित्रावर बसली होती. गळ्याची रेघ केसभर वर घ्यायची की केसभर खाली, यात तिची एक अख्खी दुपार गेली होती. पण शर्टाला पाठ असते आणि माणूस निघून जाताना लोकांना तीच दिसते, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“पाठ साधी आहे,” ती म्हणाली.

“साधी म्हणजे नाहीच की गं.”

अकरा वर्षं ती एका स्टुडिओत ग्राफिक डिझायनर होती आणि तिथं तिनं डबे केले होते. बिस्किटांचे, साबणाचे, खोकल्याच्या औषधाचे पुठ्ठ्याचे डबे. त्यांच्या घड्या, त्यांचे रंग, त्यांच्यावरची अक्षरं, सगळं. गिऱ्हाईक म्हणायचं नाव मोठं करा, मागं उगवता सूर्य काढा, कोपऱ्यात चांदणी काढून तिच्यात ‘नवीन’ असं लिहा. ही मान डोलवायची आणि नंतर एकेक गोष्ट गुपचूप पुसत जायची. म्हणून स्टुडिओत तिचं नाव पडलं होतं खोडरबर. साहेबही तिला त्याच नावानं हाक मारत आणि तिला त्याचा राग येत नसे. तिचं दुखणं वेगळंच होतं. डबा कितीही देखणा करा, लोक तो फाडतात, आतलं बिस्किट खातात आणि डबा केरात टाकतात. अकरा वर्षांत तिनं केलेली एकही वस्तू कुणी जपून ठेवली नव्हती.

शर्ट माणूस वर्षानुवर्षं ठेवतो. विटला तरी टाकवत नाही. हा विचार एकदा मनात शिरला तो तिथंच ठाण मांडून बसला. तिला हवा होता तसा शर्ट बाजारात नव्हता. प्रत्येकावर काही ना काही लावलेलं, छापलेलं, टोचलेलं. तिनं आपल्या सवयीप्रमाणं पुसायला सुरुवात केली. आधी खिसा गेला. मग कफ गेले. बटणं पट्टीच्या आत गेली. शेवटी कॉलर गेली आणि कागदावर जे उरलं ते बघून तिला आतून शांत वाटलं.

साहेबांनी तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली होती. “तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत खुर्ची ठेवतो तुझी,” ते म्हणाले होते. “मग मात्र दुसऱ्याला बसवणार.” त्यातले जेमतेम तीन आठवडे उरले होते. आशा होती ती वाचनालयाच्या कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या दुकानाची. दुकानवाल्या बाईंनी चित्र नीट पाहिलं आणि परत दिलं. “कागदावरचे कपडे मी ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “शिवून आणा. पटला तर बारा ठेवते.” आणि त्यांनी पंधरा दिवसांनंतरचा शनिवार सांगितला.

त्या पंधरातले सहा दिवस शिंप्यांनी खाल्ले. पहिल्यानं विचारलं, हा झोपताना घालायचा आहे का. दुसऱ्यानं शिवून दिला, पण छातीवर खिसा लावला. ‘बाई विसरल्या असतील म्हटलं, म्हणून माझ्या मनानं लावला,’ असं तो इतक्या आपुलकीनं म्हणाला की तिला रागावता आलं नाही. तिसऱ्यानं कागद पाहून चहा विचारला, चहा पाजला आणि नाही म्हणाला.

मग तिला आत्या आठवली. खरं तर ती आधीच आठवायला हवी होती. आत्या सव्वीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात होती. घरात कुणाचं बटण तुटलं तरी ‘आत्याकडे दे, लाखभर शर्ट शिवलेत तिनं’ असं म्हणायची रीतच होती.

“जमेल ना?” तिनं विचारलं. “आत्या, आता तूच करू शकतेस हे.”

आत्यानं कागद पुन्हा सुलटा केला. गळ्याच्या रेघेवरून बोट इकडून तिकडे फिरवलं. कॉलर जिथं असायला हवी होती तिथं तिचं बोट जरा थांबलं.

“आधी जुन्या चादरीवर बघू,” ती म्हणाली.

*

आत्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी जेवायचं टेबल, आणि टेबलावरची बरणी, वर्तमानपत्र, औषधं सगळी उचलून आता पलंगावर गेली होती. आत्यानं चादर पसरली, खडू घेतला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. कात्री उचलली, खाली ठेवली, चष्मा पुसला.

भाचीला हे फार आवडलं. जाणती माणसं घाई करत नाहीत, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ती चहा करायला गेली.

शर्ट दुसऱ्या दिवशी तयार झाला. भाचीनं तो घातला आणि तिचे हात आपोआप मागं गेले. शाळेत शिक्षा म्हणून मागं हात बांधून उभं करतात तशी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. पुढं वाकायला गेली तर पाठीत कर्रकन आवाज आला.

“बाह्या अदलाबदल झाल्या वाटतं,” आत्या म्हणाली. “डावी उजवीला.”

“होतं असं कधीकधी.”

“हो. होतं.” आत्यानं शर्ट काढून घेतला आणि पाठ फिरवून उसवायला बसली.

दुसऱ्या चादरीच्या शर्टाला बाह्या सरळ लागल्या. पण गळा नीट बसेना. पुढून गळ्याशी काचायचा आणि मागं मानेपाशी तोंड वासायचा. चार पावलं चाललं की सगळा शर्ट पाठीकडे ओढला जायचा, कुणीतरी मागून धरून ओढत असल्यासारखा. भाची आरशासमोर उभी राहून तो पुढं ओढी, चाले, पुन्हा पुढं ओढी. चित्र बरोबर होतं. रेघ बरोबर होती. मग हे काय होत होतं?

“गळा किती उतरवायचा असतो गं, आत्या? तुमच्याकडे किती उतरवायचे?”

आत्या मशीनपाशी बसली होती. तिनं मांडीवरचा एक दोरा चिमटीत धरला, फुंकून खाली टाकला, मग दुसरा शोधला.

“मी शर्ट शिवलेला नाही कधी,” ती म्हणाली.

भाचीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “म्हणजे?”

“म्हणजे नाही शिवला. मी कॉलर शिवायचे.”

“सव्वीस वर्षं?”

“मधे एकदा दोन महिने बटणांवर ठेवलं होतं. मला नाही आवडलं.” आत्यानं हात पदराला पुसले. “टेबलं होती आमच्याकडे. पहिल्यावर कापड बेतायचे. दुसऱ्यावर बाह्या, तिसऱ्यावर कफ. चौथ्यावर मी. सकाळी सुतळीनं बांधलेले गठ्ठे यायचे. नुसत्या कॉलरी. शिवायची, उलटायची, काडीनं टोकं काढायची, इस्त्री मारायची, पुढं ढकलायची. शर्टाला लागायची ती सहाव्या टेबलावर. ते मला दिसायचं नाही. मधे खांब होता.”

भाची चादरीच्या शर्टात तशीच उभी राहिली.

“आणि मी तुझ्याकडे घेऊन आले तो...”

“बिनकॉलरचा,” आत्या म्हणाली.

आधी आत्याच्याच तोंडातून हसू फुटलं, मग भाचीच्या. दोघी इतक्या हसल्या की आत्याला चष्मा काढून ठेवावा लागला. मग भाचीला दिवस आठवले. आज मंगळवार होता. शनिवारला मधे फक्त तीन दिवस होते, आणि चांगलं कापड एकाच शर्टापुरतं होतं. तिचं हसू विरलं.

“पहिल्याच दिवशी सांगायचंस ना गं.”

“सांगणार होते.”

“मग?”

“तू म्हणालीस तूच करू शकतेस. मला वाटलं, इतकी वर्षं कारखान्यात काढली, बघून बघून येत असेल आपल्याला.” आत्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि ते उगाच थोडं फिरवलं. “आणि मला शिवायचा होता. एक तरी अख्खा.”

भाचीनं चादरीचा शर्ट काढून घडी घातली, उद्या येते असं म्हणाली आणि जिना उतरली. येऊ की नको, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

*

घरी पोचेपर्यंत फोनवर साहेबांचा निरोप येऊन पडला होता. नव्या बिस्किटाचा डबा होता, सोन्याच्या रंगातला, सहा पदरी झाकणाचा. ‘तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, खोडरबर. सोमवारी ये.’ निरोप तिनं दोनदा वाचला. रागही आला आणि जरा बरंही वाटलं.

मग तिनं दुसऱ्या शिंप्याचा नंबर काढला. त्यानं खिसा लावला होता हे खरं, पण बाह्या तरी जागच्या जागी लावल्या होत्या. खिसा उसवता येतो. त्याला निदान पाठीचं चित्र तरी द्यावं म्हणून तिनं कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि ती अडली. पाठ कुठं सुरू होते, हेच तिला ठाऊक नव्हतं. खांद्यावर? खांद्याच्या मागं? पुढचा गळा आणि मागचा गळा तिनं सारखाच धरला होता, कागदावर एकच तर रेघ होती. तिनं समोर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला बाबांचा जुना शर्ट उचलला, उलटसुलट केला. मागचा गळा दोन बोटं उतरलेला होता. पुढचा चांगला चार.

स्टुडिओतल्या पहिल्या वर्षी तिला कुणीही डबा करायला शिकवला नव्हता. तिनं दुसऱ्यांचे डबे उलगडून पाहिले होते. वाफेवर धरून डिंक सोडवायचा, कडा मोकळ्या करायच्या आणि डबा टेबलावर सपाट पसरायचा. मग तो कसा उभा राहतो ते कुणाला विचारावं लागत नसे.

“बाबा, हा शर्ट मी नेऊ? उसवायला.”

“उसवायला?” बाबांनी पेपर खाली केला. “घालतो ना मी तो.”

“आत्या परत शिवून देईल.”

“ताईनं शर्ट शिवलाय कधी?” बाबा म्हणाले. “ती कॉलरीला होती.”

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं शिंप्याचा नंबर पुन्हा काही उघडला नाही. आत्याचं ‘एक तरी अख्खा’ तिच्या कानातून जात नव्हतं, कारण तिलाही दुसरं काही नको होतं. कुणी तरी ठेवून देईल अशी एक वस्तू, एवढंच.

*

बुधवारी सकाळी दोघींनी बाबांचा शर्ट टेबलावर आडवा घातला. आत्या उसवत गेली आणि भाची प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलनं आकडा घालत गेली. काय कशाला जोडलं होतं, कुठली कड कुठल्या कडेवर होती, सगळं ती शेजारच्या कागदावर मांडत होती. दुपारी एकपर्यंत शर्ट सपाट झाला.

“अठरा,” भाची म्हणाली. “आमचा डबा एका तुकड्यात होतो.”

“डब्याला हात हलवायचे नसतात.”

भाचीला आता मजा यायला लागली होती. घडी कुठं पडते, कड कशी दुमडते, आत किती जागा सोडावी लागते, हे तिला अकरा वर्षं रोजचं होतं, फक्त पुठ्ठ्यावर. तिनं बाही हातात घेतली, दुमडली, तिचा पुढचा आणि मागचा कोपरा एकमेकांवर धरला. पुढचा जास्त कोरलेला होता. म्हणून त्या दिवशी तिचे हात मागं गेले होते. तिनं आत्याला दाखवलं. आत्यानं बाही घेऊन तसंच करून पाहिलं, दोनदा.

“सव्वीस वर्षं डावी-उजवी ऐकत आले, पण ओळखायची कशावरून ते आज कळलं,” ती म्हणाली.

मग तिनं कॉलर उचलली. उचलली आणि तिचा हात थबकला. कॉलर जिथं गळ्याच्या पट्टीला जोडली जाते तिथं, अगदी टोकाशी, उसवलेल्या टिपेची भोकं तीन टाके मागं येऊन परत पुढं गेली होती. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि ती जागा डोळ्यांजवळ नेली.

“हा माझा हात आहे.”

“तुझा?”

“तीन टाके मागं. बाकीच्या दोन घालायच्या. निरीक्षकबाई ओरडायच्या दोरा वाया जातो म्हणून.” आत्यानं टोकावरून अंगठा फिरवला. “कारखान्यात डागाळलेले शर्ट वर्षाअखेरीस आम्हाला द्यायचे. मी तुझ्या बाबाला आणून दिला असणार. त्यातली कॉलर कुणाच्या हातची, ते कोण बघतंय.”

शर्ट विटला होता. कोपरापाशी विरला होता. पण कॉलरची दोन्ही टोकं अजून टोकंच होती. भाचीनं ते पाहिलं आणि तिला आत्याचा इतका अभिमान वाटला की तिला काही तरी बोलायचं होतं. पण आत्याचं लक्षच नव्हतं. ती कॉलरची पट्टी आपल्या मानेभोवती धरून आरशाकडे निघाली होती.

“आता कळलं,” आत्या आरशातून म्हणाली. “लोकांना वाटतं कॉलर दिसायला असते. दिसतं ते वरचं. खालची ही पट्टी शर्टाला मानेशी धरून ठेवते. तू वरचं काढलंस ते ठीक. पण त्याच्याबरोबर हीसुद्धा काढलीस. मग शर्ट पाठीकडे जाणार नाही तर काय करणार?”

“पण पट्टी लावली तर ती दिसणार.”

“आतून लावली तर?”

“आत्या, काही दिसायला नकोय. रेघसुद्धा नको.”

“माझं काम काय आजवर लोकांना दिसलंय?” आत्या म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. “आण ते चादरीचं. कॉलरची पट्टी वर उभी राहायला वाकवतात. ही आत आडवी पडायला हवी. म्हणजे उलटी वाकवायची. हे मला येतं.”

तिला ते खरंच येत होतं. चहा गार व्हायच्या आत तिनं पट्टी बेतली. कात्री फिरवताना या खेपेला तिनं टेबलाभोवती फेऱ्या मारल्या नाहीत. मागचा गळा दोन बोटं, पुढचा चार. आतून दुहेरी पट्टी, कडेला तीन टाके मागं. भाचीनं चादरीचा शर्ट पुन्हा घातला आणि खोलीत चालली. मग जिन्यापर्यंत चालली. मग जिना उतरून पुन्हा वर आली. शर्ट जिथल्या तिथं होता.

गुरुवारी चांगल्या कापडाची घडी मोडली. जाड, न रंगवलेलं सुती कापड होतं, त्याच्या धाग्यांत मधूनच बारीक गाठी होत्या. भाचीनं कापड धरलं, आत्यानं कात्री चालवली. शुक्रवारी संध्याकाळी आत्यानं शेवटचं काज हातानं केलं, दोरा दातानं तोडला, आणि शर्ट हँगरला लावून खिडकीच्या खिट्टीला अडकवला. मग दोघी पलंगावर औषधांच्या आणि बरणीच्या शेजारी जागा करून बसल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

*

“मी काही आत येणार नाही,” आत्या दुकानाच्या पायरीवर म्हणाली. “मी आपली बाहेर थांबते.” पण तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि भाचीनं दार उघडून धरलं तेव्हा ती आत आली.

दुकानवाल्या बाईंनी शर्ट हँगरवर पाहिला. मग काढून गल्ल्याशेजारच्या टेबलावर ठेवला, आणि पहिलं काम केलं ते हे की तो उलटा केला. आतली बाजू बाहेर. पुढून कसा दिसतो यावर चार वाक्यं भाचीनं रस्ताभर घोकली होती. त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

बाईंनी शिवणी बघितल्या. बाहीची काख ओढून पाहिली. मग गळ्याच्या पट्टीत बोट घातलं आणि ते बोट हळूहळू सगळा गळा फिरून परत आलं.

“हा गळा कुणी बसवलाय?”

भाचीनं तोंड उघडलं, पण उत्तर दाराकडून आलं.

“मी,” आत्या म्हणाली.

“असा हल्ली कुणी बसवत नाही. आणि बाकीचा?”

सव्वीस वर्षं आत्याला कुणी काय करता असं विचारलं की ती एकच शब्द सांगत आली होती. तिनं टेबलावरच्या शर्टाकडे पाहिलं, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत.

“बाकीचाही मीच,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, जास्त खात्रीनं, “सगळा मीच. बेत हिचा.”

बाईंनी शर्ट सुलटा केला, अंगाला लावून आरशात पाहिलं, पाठ फिरवून पाठही पाहिली.

“खिसा असता एक तर...”

“नाही,” दोघी एकदमच म्हणाल्या.

बाई हसल्या. “बरं. बारा म्हटलं होतं मी, पण बारा एकदम नको. आठ आणा. तीन मापांत. हे आठ गेले की पुढचं बोलू.”

आठ म्हणजे बारा नव्हेत, हे भाचीला दुकानाची पायरी उतरताना जाणवलं, आणि त्यानं आपल्याला काहीच वाईट वाटत नाही हेही. बसथांब्यावरूनच तिनं साहेबांना फोन केला. खुर्ची देऊन टाका म्हणाली.

“म्हणजे शेवटी खुर्चीही पुसलीस,” साहेब म्हणाले. “छान. मला एक शर्ट ठेव.”

*

आठ शर्टांचं कापड तिनं एका दिवसात बेतलं. तीन मापांचे पुठ्ठ्याचे साचे तिनं आधीच करून ठेवले होते, आणि पुठ्ठा कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सात गुणिले आठ, छप्पन तुकडे. पाठी एका बाजूला, पुढचे भाग एका बाजूला, बाह्या वेगळ्या. गळपट्ट्यांचा गठ्ठा तिनं नीट कडेला कड लावून रचला, हलू नये म्हणून सुतळीनं बांधला आणि मशीनशेजारी, आत्याच्या उजव्या हाताला ठेवला.

“मी सगळा विचार करून ठेवलाय,” ती उत्साहानं म्हणाली. “तू आधी आठही गळपट्ट्या करून टाक. तोवर मी पुढचे भाग टाचून देते. मग सोळाही बाह्या. असं केलं तर वेळ निम्म्यानं वाचेल.”

“बरं,” आत्या म्हणाली.

ती मशीनवर बसली, चष्मा नीट केला, दिवा ओढून घेतला. तिचा उजवा हात न बघताच गठ्ठ्यावर गेला आणि बोटांनी सुतळीची गाठ शोधली. तिची मान खाली गेली. पाठ वाकली. गेल्याच आठवड्यात याच खुर्चीवर बसून ती बोलत होती, मधेच उठत होती, पट्टी गळ्याभोवती धरून आरशाकडे जात होती. आता ती काहीच बोलत नव्हती. तिची नजर सुईवर होती आणि सुईपलीकडे कुठंच नव्हती.

भाचीच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

तिनं उठून आत्याच्या हाताखालून गठ्ठा काढून घेतला. गाठ घट्ट बसली होती. ती तिनं नखानं सोडवली आणि सुतळी खिडकीत टाकून दिली. मग टेबलावरचे सगळे ढीग मोडले. एक पाठ, दोन पुढचे, दोन बाह्या, दोन गळपट्ट्या. एक पाठ, दोन पुढचे. आत्या खुर्चीत वळून तिचं चाललेलं बघत होती.

“वेळ लागेल असं,” ती म्हणाली.

“लागू दे.”

टेबल पुरलं नाही. सहा ढीग टेबलावर झाले, सातवा पलंगावर, आठवा भाचीनं हातातच धरला. बाबांच्या शर्टाचे अठरा तुकडे अजून पिशवीत होते. तेही तिनं पिशवीतून काढले आणि वर्तमानपत्रावर रांगेच्या शेवटी ठेवले.

आत्यानं खुर्ची टेबलाकडे सरकवली. पहिला ढीग मांडीवर घेतला, सातही तुकडे आहेत ना ते एकेक करून मोजलं, आणि पाठीपासून सुरुवात केली.